मदत हवी आहे: ओहायोतली गावं देवनागरीत कशी लिहावीत?

इथे अमेरिकेतल्या मराठी शाळेसाठी ओहायो राज्यातल्या नामवंतांचा तक्ता करते आहे. वाचणारी मुलं आठ-दहा वर्षांची, इथेच जन्मलेली. नील आर्मस्ट्राँग (वापाकोनेटा, १९३०) आणि धावपटू जेसी ओवेन्स झाले. ओवेन्सचा जन्म अलाबामाचा, पण वाढला क्लीव्हलँडमध्ये, म्हणून घेतलाच. राइट बंधूंतला ऑर्व्हिल डेटनचा; विल्बर इंडियानात जन्मला, तरी दोघांना वेगळं करायला मन धजलं नाही.

गाडी अडलीये एडिसनपाशी. १८४७ साली तो जन्मला ते गाव आपण स्पेलिंगवरून 'मिलान' वाचतो, इटलीतल्यासारखं. गावातली माणसं मात्र 'मायलन' म्हणतात. कच्च्या तक्त्यावर 'मिलान' लिहिलं, तर एका मुलीने तिथेच बोट ठेवलं, "ताई, हे चुकलंय." 'मायलन' लिहिलं तर आजी-आजोबांना ते नकाशावर सापडणार नाही. ओहायोतल्याच 'लायमा'चंही तेच, स्पेलिंगवरून आपण ते 'लिमा' वाचतो.

घरातल्या मराठी नकाशासंग्रहात ही छोटी गावं नाहीत. कंसात रोमन द्यायचं नाही, नाहीतर मुलं तेवढंच वाचतात. तळटीपेलाही जागा नाही. शनिवारी छपाईला द्यायचंय.

शिकवणाऱ्यांनी किंवा भाषांतर करणाऱ्यांनी सांगावं: अशा वेळी स्थानिक उच्चार धरायचा की रूढ वाचन?