थंडीत शिंकणारा बोका आणि तापाची गोळी

प्रश्न (निफाड)
आमचा बोका सात वर्षांचा असून त्याची नसबंदी झालेली आहे. निफाडची थंडी सर्वांना ठाऊकच आहे. गेल्या आठवड्यापासून तो सतत शिंकतो आहे, एका डोळ्यातून पाणी येते आणि दिवसभर उन्हाच्या कवडशात अंगाचे मुटकुळे करून पडून असतो. काल त्याने आवडती कलेजीही नुसती हुंगून सोडली. छातीला बाम चोळावा आणि तापाच्या गोळीचा चतकोर दुधातून द्यावा, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. तसे करावे का?

उत्तर १
गोळी देऊ नका, चतकोरसुद्धा नाही. पॅरासिटामॉलचा निचरा करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. त्यामुळे रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकते. बामही नको, कारण अंगाला लावलेला कापूर आणि निलगिरीचे तेल ते चाटून पोटात घेते (सासूबाईंना एवढे सांगितले तरी पुरे). मांजरांच्या सर्दीमागे पुष्कळदा हर्पिसचा विषाणू असतो. एकदा शिरला की तो शरीरात दबा धरून राहतो आणि ताण पडला की डोके वर काढतो. नाक चोंदल्यावर वास येत नाही, आणि वास आल्याशिवाय मांजर अन्नाला तोंड लावत नाही. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ कोंडून त्याला मांडीवर घेऊन दहा मिनिटे बसा, नाक ओल्या कापसाने पुसा आणि कलेजी कोमट करून द्या. तरीही खाल्ले नाही तर पशुवैद्यांकडे नेण्यास उशीर करू नका, कारण उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते.

उत्तर २
हे सर्व मान्य. परंतु बोका म्हटल्यावर मी आधी लघवीची चौकशी करीन. थंडीत मांजरे पाणी कमी पितात, लघवी दाट होते आणि बोक्याची मूत्रनलिका मुळातच अरुंद असल्याने तिच्यात बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकतो. आमचा बोका एका डिसेंबरात वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसून कण्हत होता आणि आम्ही बद्धकोष्ठ समजून अर्धा दिवस त्याला तूप चाटवीत राहिलो. तुंबलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेते. आमचा थोडक्यात वाचला. कोरडे खाणे देत असाल तर त्यात कोमट पाणी कालवा.

उत्तर ३
शहाबादी फरशीवर अंथरूण घालू नका. पुठ्ठ्याचे खोके पाटावर ठेवून आत जुनी गोधडी घाला. शेकायची पिशवी ठेवलीच, तर ती कापडात गुंडाळावी आणि त्याला बाजूला सरकता येईल एवढी जागा सोडावी.

प्रश्नकर्ती
ट्रेमधील वाळू पाहिली. आज सकाळचे दोन ओले गोळे आहेत. वाफेनंतर त्याने कलेजीचे कोमट पाणी तेवढे चाटले, तुकडे तसेच आहेत. उद्या सकाळी त्याला नाशिकला नेते.