मदत हवी आहे : वेठबिगारांचा मुक्ती दाखला अडला आहे

आम्ही सहाजण नोकऱ्या सांभाळून कातकरी वाड्यांवर हक्कांचं काम करतो. संस्था नोंदणीकृत आहे, पण वकील किंवा पगारी माणूस नाही.

कोकणातल्या एका वीटभट्टीवरून तीन कुटुंबं बाहेर पडली आहेत. पावसाळ्यात घेतलेली उचल, हिशेब कधीच नाही, बाजाराला जायचं तरी घरातल्या एकाला भट्टीवर ठेवून. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात हे सरळ बसतं.

मुक्ती दाखल्यासाठी, म्हणजे ही कुटुंबं वेठबिगारीतून सुटली असल्याच्या सरकारी प्रमाणपत्रासाठी, तहसीलमध्ये अर्ज दिला, पोच आहे, जबाबही झाले. आता तोंडी सांगतात, "हा मजुरीचा वाद, कामगार खात्याकडे जा." कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ नुसार मालकावर आहे, हेही लेखी दिलं. जिल्हाधिकाऱ्यांना दोन स्मरणपत्रं गेली, उत्तर नाही. दाखल्याशिवाय ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदत मिळत नाही, आणि मुकादम पुन्हा वाडीवर येऊ लागलाय. तीच खरी भीती आहे.

उच्च न्यायालयाचा खर्च झेपणार नाही. कुटुंबांना नावं बाहेर नको आहेत, त्यामुळे पत्रकारांकडे जाणार नाही.

असा दाखला कुणी मिळवला असेल तर सांगा : वेठबिगारीची प्रकरणं बघणाऱ्या उपविभागीय दक्षता समितीची बैठक कशी लावून घेतलीत? आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे आत्ताच तक्रार करावी, की आधी लेखी नकार हातात घ्यावा?