मदत हवी आहे: रस्त्यावर अनोळखी माणसांचे फोटो काढताना आधी विचारायचं का नाही?

तिकटीवरचा

नमस्कार मंडळी, विचारू का नको असं करत बरेच दिवस गेले, आज विचारूनच टाकतो. मी कोल्हापूरचा, नोकरी करतो, सुट्टीला कॅमेरा घेऊन भटकतो. कॅनन २००डी आहे सेकंडहँड, कॅमेऱ्यासोबत येणारा १८-५५ किट लेन्स आणि ५० एमएम एफ १.८. पक्षी झाले, धबधबे झाले, पन्हाळ्यावरचं धुकं तर इतक्यांदा काढलंय की घरचे पण आता बघत नाहीत. आता माणसं काढायची आहेत. पोर्ट्रेट नाही हां, कँडिड, म्हणजे माणूस पोझ न देता आपल्या नादात असतानाचा. लक्ष्मीपुरीतला रविवारचा बाजार, महाद्वार रोड, गुजरी, आणि संध्याकाळी गंगावेशीतला दूध कट्टा, जिथं म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, तिथं तर नुसतं उभं राहिलं तरी दहा फोटो दिसतात.

दिसतात, पण निघत नाहीत. विचारलं की फोटो मेला. मावशी पदर सारखा करणार, मामा चष्मा काढून खिशात टाकणार, शेजारचं पोरगं ओढून मधे उभं करणार, आणि सगळे पासपोर्ट फोटोला बसल्यासारखे ताठ. न विचारता काढावा तर हात कापतो, छातीत धडधडतं, म्हणून मग मी ५० एमएम लावून लांबून, कुणाच्यातरी आडून काढतो, आणि घरी येऊन बघतो तर एक माणूस आणि मागं सगळं धूसर. बाजार कुठाय त्यात? हाच माणूस स्टुडिओत उभा केला असता तरी चाललं असतं.

दुसरं म्हणजे लोक संशय घेतात, आणि त्यांचं चूक आहे असं पण नाही. एका हातगाडीवाल्यानं सरळ विचारलं, काय ओ, महापालिकेकडनं आलाय काय. वडेवाल्याला वाटतं रील टाकून तेलाचा रंग दाखवणार. मी आपला नाही नाही छंद आहे म्हणतो, तर ते ऐकून अजूनच विचित्र बघतात. तर जे हे करतात त्यांनी सांगा, विचारायचं का नाही, कधी विचारायचं, आणि जवळ जायची भीती कशी घालवायची. लेन्स बदलायला लागेल का ते पण सांगा. बजेट फार नाही.

चहाबिस्कुट

लेन्सचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान (क्रॉप बॉडी), त्यावर ५० म्हणजे ८० इतका अरुंद झाला, तो बाजारातला लेन्सच नाही. नवीन काही घेऊ नकोस, किट लेन्स १८ ला ठेव, एफ ८ (म्हणजे लेन्सचं भोक बारीक), फोकस दोन मीटरच्या आसपास, मग एक मीटरपासून लांबपर्यंत सगळं चालण्याइतपत शार्प येतं आणि फोकसची भानगडच संपते. लेन्सवर अंतर लिहिलेलं नसतं, म्हणून तेवढ्या लांबच्या खांबावर ऑटोफोकस कर आणि मग स्विच एमएफवर (मॅन्युअल फोकस) टाक. शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नकोस, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, बीप बंद. पुढं कधी पैसे जमले तर २४ एमएम एफ २.८ पॅनकेक सेकंडहँड बघ, इतका चपटा आहे की कॅमेरा मोठा वाटतच नाही.

दूध कट्ट्याचं गणित वेगळं आहे. संध्याकाळी तिथं एफ ८ विसर. लेन्सचं भोक जेवढं उघडेल तेवढं उघडायचं, आयएसओ ३२०० झाला तरी होऊ दे, पण शटर १/१०० ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, त्याहून जलद शटर मारलं की स्वस्त एलईडीखाली फोटोत पट्टे येतात नाहीतर एक फोटो पिवळा एक काळा असं होतं. धार काढणारा हात हलका ब्लर होईल, होऊ दे, छानच दिसतो.

अजून एक. तुझ्या कॅमेऱ्याची स्क्रीन बाहेर फिरते ना? ती उघडून कॅमेरा पोटाशी धर आणि खाली बघून काढ. शिकागोची ती व्हिव्हियन मायर, लोकांची मुलं सांभाळायची आणि रिकाम्या वेळात रस्त्यावर फोटो काढायची, तिचा रोलायफ्लेक्स असाच वरून खाली बघायचा कॅमेरा होता. माणसाच्या डोळ्यासमोर काळी नळी येत नाही म्हटल्यावर समोरचा निम्मा निवांत होतो.

ऊनसावली

पोटाशी धरून काढायचा सल्ला मला पटला नाही. मी पुण्यात तुळशीबाग, बोहरी आळी, जुना बाजार इथं फिरते, बहुतेक एकटी. लपवून काढताना कुणी पकडलं तर तुमच्याकडं उत्तर नसतं. मी उलट करते, कॅमेरा गळ्यात सगळ्यांना दिसेल असा आणि एकाच जागी बराच वेळ थांबते. पहिली काही मिनिटं सगळे बघतात, मग कंटाळतात, धंदा कुणी तुमच्यासाठी थांबवत नाही, आणि तुम्ही त्या कोपऱ्याचा भाग होऊन जाता. फिरत फिरत काढणारा जास्त खटकतो, थांबलेला नाही. चांगला उजेड पडलेली, मागची भिंत बरी असलेली जागा आधी हेरायची आणि माणसं फ्रेममध्ये येतील याची वाट बघायची. तुम्ही आधीपासून उभे आहात, ते तुमच्यासमोरून गेले, यात कुणाला काही वाटत नाही.

विचारायचं का, तर माझं म्हणणं आधी काढा, मग नजर मिळवा, हसा, आणि मग बोला. "दादा, उजेड इतका मस्त पडला होता ना तुमच्यावर, बघा," म्हणून स्क्रीन दाखवा. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर डिलीट, वाद नाही. आणि हो म्हणाले तर ते पासपोर्टवालं पोझ पण काढून घ्या हो, त्यांना तोच फोटो हवा असतो. तो काढून झाला की ते परत कामाला लागतात, मावशी पुढच्या गिऱ्हाइकाला ओरडते, तेव्हा तुमचा फोटो येतो. परवानगी पण झालेली असते. कॅमेरा लगेच खाली घेऊ नका एवढंच.

वारीचं मात्र वेगळं. तिथं माऊली म्हटलं की सगळे हो म्हणतात, म्हणून नवीन माणूस तिथं सुरुवात करतो आणि मग एरवी बाजारात घाबरतो. हल्ली पालखीत वारकऱ्यांपेक्षा कॅमेरेच जास्त दिसतात असं माझं मत. असो.

मंडईतली_लेक

मी फोटोवाली नाही, पण माझी आई भाजी विकते म्हणून त्या बाजूचं सांगते. भवानी व्हायच्या आत कॅमेरा घेऊन समोर उभं राहू नका. पहिलं गिऱ्हाईक तुमच्यामुळं पुढं गेलं तर दिवसभर तुमच्या नावानं बोटं मोडली जातात. गिऱ्हाइकाच्या बाजूनं उभं राहायचंच नाही खरंतर, कडेला राहा. दुपारी गर्दी ओसरते, तेव्हा बायका बसल्या बसल्या डबे उघडतात, गप्पा मारतात, तेव्हा त्यांना पण कुणीतरी बोलायला हवं असतं. आधी काहीतरी विकत घ्या, पावशेर मिरची घ्या पण घ्या.

फेरीवाल्याला फोटो म्हणजे पुरावा वाटतो, ते बरोबरच आहे, अतिक्रमणवाले पण गाडी उचलायच्या आधी फोटोच काढतात. त्यामुळं छंद आहे म्हणून भागत नाही. मोबाईलमध्ये आधी काढलेले बाजाराचे चारपाच फोटो ठेवा आणि ते दाखवा, मग कळतं हा कसला माणूस आहे. आणि मेहेरबानी करून "फोटो पाठवतो" असं म्हणून गायब होऊ नका. आईकडं दरवर्षी गणपतीत कुणीतरी येतं, नंबर घेतं, आजपर्यंत एकाचा फोटो आलेला नाही.

कायदेपंडित_नव्हे

सार्वजनिक जागी उघडपणे फोटो काढायला सरसकट बंदी नाही, पण "रस्त्यावर आहे म्हणजे चालतं" असं पण नाही. बाईच्या खाजगी क्षणाचा चोरून फोटो हा सरळ गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३५४ सी होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. नदीघाटावर, नळावर अंघोळ चाललेली असते तिथं कॅमेरा झाकून ठेवायचा, कितीही सुंदर उजेड असू दे. लहान मुलांचं आईवडिलांना विचारल्याशिवाय नको. देवळात आत पाटी बघून. आणि फोटो जाहिरातीसाठी विकायचा असेल तर त्या माणसाची लेखी संमती लागते, स्टॉक साइटवाले (फोटो विकणाऱ्या वेबसाइट) मागतातच.

जाता जाता, रस्त्यावरच्या फोटोंसाठी प्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ कॅमेऱ्याच्या चकचकीत भागावर काळी टेप चिकटवायचा. मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव लिहिलेला पट्टा गळ्यात घालून संशय घेऊ नका म्हणणं अवघडच आहे. साधा काळा पट्टा घे, स्वस्तात मिळतो.

तिकटीवरचा

सगळ्यांचे आभार. रविवारी लक्ष्मीपुरीत जाऊन आलो. आधी मेथी घेतली, मग मसाल्याच्या दुकानाशेजारी सावलीची कड पकडून उभा राहिलो, १८ एमएम, एफ ८, फोकस खिळवून. १८ ला माणूस इतका लहान येतो की वाटतं अजून दोन पावलं पुढं, अजून दोन पावलं पुढं, आणि तेवढ्या जवळ गेलं की ते बघणारच, मग लपवायचा प्रश्नच राहत नाही. ऊनसावलीताईंचं पोझनंतर थांबायचं म्हणणं एकदम बरोबर निघालं. लसणवाल्या मामांनी छाती काढून फोटो दिला आणि पुढच्याच क्षणी शेजारणीशी सुट्ट्या पैशांवरून जुंपली, तो फोटो आलाय. मस्त आलाय असं म्हणत नाही, डावीकडं कुणाची तरी पिशवी आलीय, पण बाजार दिसतोय त्यात.

दोघांनी नको म्हटलं, एकाच्यासमोर डिलीट केला, काही झालं नाही. दूध कट्टा अजून जमला नाही, तिथं म्हशीच आधी माझ्याकडं बघतात.

मामांना आणि शेजारणीला प्रिंट द्यायच्यात, भांडणाचा नाही, साधा. ४ बाय ६ मॅट घेऊ का ग्लॉसी?

चहाबिस्कुट

मॅट. ग्लॉसीवर बोटांचे ठसे उठतात. आणि भांडणाचा पण दे की राव.

मंडईतली_लेक

लॅमिनेशन करून द्या, भाजीवर दिवसभर पाणी मारत असतात. आणि शेजारणीचा वेगळा काढा, मामांच्या फोटोत अर्धी आलेली देऊ नका, त्यावरून परत जुंपेल.