'जिटर'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (सांगली) : आमच्या सहकारी संस्थेच्या शाखांमधले फोन आता इंटरनेटवरून चालतात आणि त्यांच्या आवाजाच्या दर्जाचा मासिक अहवाल संचालक मंडळापुढे मराठीतून ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. मी 'जिटर'साठी 'कंप' लिहिले, तेव्हा एका ज्येष्ठ संचालकांनी तारा हलतात की काय, असे विचारले. 'मॉनिटरिंग'ला 'पाळत' म्हटल्यामुळे कर्मचारीही बिचकले आहेत. योग्य शब्द सुचवावेत.

उत्तर (सातारा) : 'कंप' टाळावा, कारण येथे काहीच हलत नाही. आवाज आकड्यांत बदलण्याच्या जी.७११ या पद्धतीत त्याचे सहसा २० मिलिसेकंदांचे तुकडे करून सेकंदाला ५० पॅकेटे, म्हणजे माहितीची छोटी पुडकी, पाठवतात. ती निघतात समान अंतराने, परंतु वाटेतल्या गर्दीमुळे काही रेंगाळतात आणि काही एकमेकांना चिकटून पोहोचतात. सांगली-मिरज बसची प्रत्येक फेरी दहा मिनिटे उशिरा येत असेल, तर तो नुसता विलंब झाला. अर्धा तास एकही बस न येता मग तीन एकामागोमाग आल्या, तर तो जिटर. म्हणून मी 'विलंबातील चढउतार' असे लिहितो. शब्द लांबलचक आहे खरा, पण 'विषमविलंब' असा जोडशब्द घडवला तरी तो मंडळाला समजावून सांगावाच लागेल.

आलेली पॅकेटे क्षणभर साठवून हे चढउतार सावरणाऱ्या 'बफर'ला घरावरच्या टाकीची उपमा चालेल : नळाला पाणी कसेही येवो, खाली धार एकसारखी राहते. मात्र टाकी मोठी केली की विलंबही वाढतो, आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असणे चांगले. टाकीची वेळ टळल्यावर आलेले पॅकेट टाकूनच दिले जाते, त्यामुळे 'पॅकेट लॉस'ला 'गळती'पेक्षा 'गहाळ पॅकेटे' बरे.

'पाळत' माणसावर आणि संशयाने ठेवतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की आपण तिच्यावर 'लक्ष ठेवतो', पाळत नव्हे. दर्जा मोजणारे साधनही पॅकेटाचा क्रमांक आणि वेळ पाहते. त्यासाठी बोलणे ऐकावे लागत नाही. 'देखरेख' लिहावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. परंतु आमच्या साधनात संभाषण ध्वनिमुद्रित करण्याचीही सोय आहे.

उत्तर (सातारा) : ती चालू असेल, तर मात्र 'पाळत' खोडू नये.