अनुमानावर शिक्षा का नको? केबलचोरीचा खटला

केळीवाला, यावल: गेल्या वर्षी एका रात्रीत आमच्या शिवारातल्या पाच विहिरींवरची मोटारीची केबल कापून नेली. ऐन मेमध्ये पाणी तुटलं, निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, केळीच्या बागेनं मान टाकली. चौथ्या दिवशी गावातल्याच एकाच्या खळ्यात जाळलेल्या तांब्याचं गाठोडं सापडलं, राख अजून चिकटलेली. तरी तो 'संशयाचा फायदा' घेऊन सुटला. मध्यरात्री चोर डोळ्यांनी पाहायला शेतात कोण बसलंय?

जळगावचा वकील: दादा, अनुमानावरही शिक्षा होते. 1872च्या पुरावा कायद्यात कलम 114चं पहिलंच उदाहरण तुमचं आहे: चोरीनंतर लवकरच माल ज्याच्याजवळ सापडला आणि तो कुठून आला हे त्याला सांगता आलं नाही, तो चोर किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. त्या कायद्याच्या जागी आता आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमात हेच कलम 119. पण 'धरू शकतं'. धरलंच पाहिजे असं नाही. शिवाय माल चोरीचाच हे आधी ठरायला हवं.

केळीवाला: म्हणजे केबलचं वरचं आवरण जाळून ओळख मिटवली की सुटला!

रिवायंडिंगवाला, चोपडा: जळकं तांबं माझ्याकडे रोज निघतं. मोटारीच्या आतल्या वाइंडिंगची तार एकेरी, वेटोळ्याचा बाक धरलेली. केबलमध्ये बारीक तारांची पिळलेली जुडी. हातात घेतली की कळते. केबल आहे हे मी कोर्टात सांगेन. कोणत्या विहिरीवरची, ते नाही सांगता येणार.

धुळ्याचा नाना: अरे भो, पाच विहिरी, चार दिवस, एक गाठोडं. गावाला कळतं ते न्यायाधीशाला का कळू नये?

जळगावचा वकील: नाना, गावाला 'असेल' पुरतं. शिक्षेला 'असलाच पाहिजे' लागतं. सर्वोच्च न्यायालयानं 1973 मध्ये बोबडे खटल्यात हाच फरक सांगितला. 1984च्या सारडा निकालात तर परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी इतकी पूर्ण हवी म्हटलंय, की आरोपी निर्दोष असण्याला वाजवी जागाच उरू नये. आणि कलम 114 मध्येच पुढे दुकानदार आहे. चोरीचा, खूण केलेला रुपया त्याच्या गल्ल्यात सापडतो, पण रोज रुपये येतात, नेमका हा कुणी दिला ते त्याला सांगता येत नाही. न्यायालयानं हेही बघावं, असं कायदाच सांगतो. उद्या चोपड्याच्या भाऊंवर धाड पडली तर?

केळीवाला: भाऊंचं दुकान आहे, गिऱ्हाइकं आहेत. याला ना दुकान, ना विहीर, ना मोटार. एवढं तांबं आलं कुठून, याचं उत्तर त्यानं दिलं नाही. मला ते अनुमान आजही पुरेसं वाटतं. पण भाऊंचं वाचून पंचनाम्याची नक्कल काढून पाहिली. 'जळालेली तांब्याची तार, एक गाठोडे.' एकेरी की जुडीची, एक अक्षर नाही. पंच म्हणून सही माझ्या चुलत्याची आहे.