फ्लूची लस दरवर्षी काऊन घ्या लागते? एकदाच घेऊन भागेल अशी लस येणार आहे का?

मानेवाडा_रिंगरोड
आईचं वय ६७ आहे, शुगर आहे, दम्याचाही त्रास आहे. गेल्या पावसाळ्यात फ्लू झाला तर थेट ऑक्सिजनवर ठेवायची पाळी आली, म्हणून यंदा डॉक्टरांनी सांगितलं की जूनच्या आधी लस देऊन टाका. मेडिकलवाल्यानं फ्रीजमधून काढून दाखवली, डब्बा नीट वाचला तर त्यावर ए/व्हिक्टोरिया/४८९७/२०२२, ए/क्रोएशिया, बी/ऑस्ट्रिया असं काय काय लिहिलेलं. हे नेमकं काय आहे? आणि गोवरची लस लहानपणी घेतली की आयुष्यभर पुरते, मग फ्लूची दरवर्षी काऊन? दीड-दोन हजार दरवर्षी जातात ते जाऊ द्या, पण मी असं वाचलं की सगळ्या प्रकारच्या फ्लूवर चालेल अशी एकच लस बनवायचं काम चालू आहे. ते खरं आहे का आणि कुठवर आलं, कोणाला माहीत असेल तर सांगा.

सूक्ष्मजीव_नागपूर
भाऊ, डब्ब्यावरची ती व्हायरसची नावं आहेत. नमुना कुठे सापडला ते ठिकाण, लॅबचा नंबर आणि साल. म्हणजे तुमच्या आईच्या लशीतला एच१एन१ हा २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात सापडलेल्या व्हायरससारखा आहे, एच३एन२ क्रोएशियातला आणि बी वाला ऑस्ट्रियातला. डब्ल्यूएचओची वर्षातून दोनदा बैठक होते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, त्यात जगभरचे नमुने बघून पुढच्या सीझनला कोणते प्रकार लशीत टाकायचे ते ठरवतात. तिथून पुढे लस तयार व्हायला सहाएक महिने जातात कारण बहुतेक लस अजूनही कोंबडीच्या अंड्यात व्हायरस वाढवूनच बनते, आणि तेवढ्या वेळात बाहेर फिरणारा व्हायरस बदलून गेला तर लस कमी पडते. प्रकार बरोबर जुळलेल्या वर्षीही संरक्षण साधारण ४० ते ६० टक्के मिळतं.

गोवरचा व्हायरस पण स्वतःच्या प्रती काढताना चुका करतो, पण त्याच्या बाहेरच्या प्रोटीनमध्ये बदल झाले की तो जगूच शकत नाही. फ्लूचं तसं नाही, त्याच्या बाहेरचं हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रोटीन कितीही बदललं तरी त्याचं काम चालत राहतं.

वऱ्हाडी_भौ
मले तर वाट्टे की कंपन्यायलेच नाही पाहिजे एकदाची लस. दरवर्षीचा धंदा कोण सोडीन? इतके वर्ष झाले, चंद्रावर गेले, अन् फ्लूची एक लस नाही बनून राह्यली?

सूक्ष्मजीव_नागपूर
@वऱ्हाडी_भौ तसं नाही हो. एका इस्रायली कंपनीनं एम-००१ नावाची अशीच लस थेट फेज ३ पर्यंत, म्हणजे माणसांवरच्या चाचणीच्या शेवटच्या मोठ्या टप्प्यापर्यंत नेली होती, पूर्व युरोपात ५० वर्षांवरच्या १२ हजारांहून जास्त लोकांवर ट्रायल झाली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल आला की लस घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना फ्लू सारखाच झाला. वर्षानुवर्षांची मेहनत एका दिवसात संपली. पैसा लावणारे आहेत, गाडी अडते ती आपल्याच शरीराच्या सवयीमुळे, आणि हे कळल्यापासून मला या विषयाचं वेडच लागलंय म्हणून जरा लांबण लावतो.

हिमॅग्लुटिनिन दिसायला छत्रीसारखं समजा. वरचं डोकं आणि खालचा दांडा. डोकं सारखं बदलतं, दांडा मात्र फारसा बदलत नाही कारण व्हायरसला पेशीत शिरताना तो दांडा वाकवून पेशीच्या आवरणाला चिकटवावा लागतो, त्यात गडबड झाली तर व्हायरस आत जाऊच शकत नाही. जपानी संशोधकांनी १९९३ मध्येच दांड्याला धरणारी एक अँटीबॉडी उंदरांत शोधली होती आणि ती एकाच वेळी वेगवेगळ्या प्रकारांवर चालत होती. म्हणजे बदलत नाही ती जागा तेव्हापासून माहीत आहे. पण आपलं शरीर दांड्याकडे बघतच नाही! डोकं वर असतं, सहज हाताला लागतं, म्हणून नव्वद टक्के ताकद तिकडेच जाते असं समजा, आणि नेमकं तेच डोकं पुढच्या वर्षी बदललेलं असतं.

धंतोली_वाचक
मग डोकं कापूनच टाकायचं ना, नुसता दांडा द्यायचा?

सूक्ष्मजीव_नागपूर
@धंतोली_वाचक अगदी तेच केलं! अमेरिकेच्या एनआयएआयडीनं, म्हणजे संसर्गजन्य रोगांवर काम करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं केलं, माणसांवरची पहिली ट्रायल २०१९ मध्ये सुरू झाली. अडचण अशी की डोकं काढलं की दांडा सैल पडतो, त्याचा आकार राहत नाही, म्हणून त्यांनी ते तुकडे फेरिटिनच्या गोळ्यावर बसवले, फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं एक प्रोटीन. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायच्या लोकांनी दुसरी युक्ती काढली जी मला जास्त आवडते. दांडा माणसांतल्या एच१ चाच (एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन, पुढचा आकडा त्याचा प्रकार) ठेवायचा पण त्याच्यावर डोकं बसवायचं एच८ चं, जे पक्ष्यांतलं आहे आणि आपल्या शरीरानं कधी बघितलेलंच नाही, आणि पुढच्या डोसला परत वेगळं डोकं, एच५ चं. दोन्ही वेळेस ओळखीचा असतो फक्त दांडा, त्यामुळे शरीराची जुनी आठवण तिथेच जागी होते. छोट्या ट्रायलचे निकाल २०२० मध्ये आले, दांड्याविरुद्धच्या अँटीबॉडी चांगल्या वाढल्या आणि दीड वर्षानंतरही होत्या. पण अँटीबॉडी दिसणं वेगळं आणि खरोखर आजारापासून वाचवणं वेगळं, ते सिद्ध करायला हजारो लोक आणि बरेच सीझन लागतात.

आणि @मानेवाडा_रिंगरोड, तुमच्या आईचा जन्म १९५८ च्या आसपासचा असेल ना? २०१६ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की १९६८ च्या आधी जन्मलेल्यांना एच५एन१ बर्ड फ्लूचा गंभीर आजार कमी होतो आणि नंतर जन्मलेल्यांना एच७एन९ चा कमी होतो. कारण १९६८ च्या आधी माणसांत एच१, एच२ फिरत होते जे एच५ च्या कुळातले, आणि १९६८ ला एच३ आला जो एच७ च्या कुळातला. लहानपणी पहिला फ्लू जो होतो त्याची आठवण शरीर आयुष्यभर धरून ठेवतं. म्हणजे पूर्ण कुळावर चालणारं संरक्षण निसर्गात आहेच, ते सुईतून द्यायचं कसं यावर सगळं अडून बसलंय. मला तरी ही लस होणार असं मनापासून वाटतं.

गोरेवाडा_प्रेमी
एच५एन१ चं नाव निघालं म्हणून लिहितोय. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरमध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या गेले, भोपाळच्या लॅबचा रिपोर्ट आला तर एच५एन१. मी तिथे नेहमी जातो, ती बातमी वाचून पोटात गोळा आला. आज वाघाला झाला, उद्या माणसामाणसांत पसरायला लागला तर ही डब्ब्यातली लस कामाची आहे का?

सूक्ष्मजीव_नागपूर
@गोरेवाडा_प्रेमी नाही, सीझनच्या लशीत एच५ नसतो. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीवाल्यांचं काम मला याच भीतीपोटी महत्त्वाचं वाटतं. २०२२ मध्ये त्यांनी एकाच एमआरएनए लशीत (शरीराला प्रोटीन बनवायची सूचना देणारी लस) माहीत असलेल्या वीसच्या वीस प्रकारांची हिमॅग्लुटिनिन टाकली, उंदीर आणि फेरेट नावाच्या प्राण्यांवर चाचणी केली. न जुळणारा व्हायरस दिला तरी प्राणी आजारी कमी पडले आणि मेले कमी. संसर्ग पूर्ण थांबला असं नाही, पण नवी साथ आली तर पहिल्या काही महिन्यांत लोक मरू नयेत एवढं जरी झालं तरी १९१८ सारखं होणार नाही, त्या साथीत एकट्या भारतात कोटीच्या वर माणसं गेली होती.

आणि एकदा टोचली की जन्मभर सुटका, अशी अपेक्षा ठेवू नका. एनआयएआयडीनं २०१८ मध्ये स्वतःसाठी जे टार्गेट लिहिलं तेही किमान ७५ टक्के संरक्षण आणि किमान एक वर्ष एवढंच आहे.

मानेवाडा_रिंगरोड
एवढं समजावून सांगितल्याबद्दल खूप आभार. हो, आईचा जन्म ५८ चाच आहे. मग आता तिला हीच द्यायची ना? आणि घरात बायको, सहा वर्षांची मुलगी आहे, त्यांनीही घ्यावी का?

सक्करदरा_फार्मासिस्ट
द्या, थांबू नका. आपल्याकडे बहुतेक शहरांत फ्लू जुलै ते सप्टेंबरमध्ये जोरात असतो, श्रीनगरसारख्या ठिकाणी हिवाळ्यात. म्हणून मे महिन्यात डब्ब्यावर सदर्न हेमिस्फिअर (दक्षिण गोलार्धाची लस, तिची वेळ आपल्या पावसाळ्याशी जुळते) आणि चालू साल बघूनच घ्या, जुना स्टॉक नको. टोचल्यावर असर यायला दोनेक आठवडे जातात. दमा आणि शुगर आहे तर डॉक्टरांना न्यूमोनियाच्या लशीचंही विचारा, ती वेगळी असते. घरच्यांनीही घ्यावी, आईच्या खोलीत दिवसभर तेच असतात. मुलीला पहिल्यांदाच देत असाल तर नऊ वर्षांखाली दोन डोस लागतात, मध्ये चार आठवडे ठेवून, म्हणजे तिचा पहिला डोस या आठवड्यातच झाला पाहिजे. आणि घरी नेताना आइसपॅकमध्येच न्या, बाहेर ४४ डिग्री चालू आहे.