घोडा कुठला आणि चाप कुठला?

कृष्णाकाठ, सांगली:
एका जुन्या ठासणीच्या बंदुकीची माहिती मराठीत करतेय. मी लिहिलं, ‘चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो.’ टोपी म्हणजे आपटल्यावर पेटणाऱ्या मसाल्याची छोटी वाटी. तपासणाऱ्यांनी त्याचं ‘घोडा ओढला की हातोडी आपटते’ केलं. म्हणे, बोटानं ओढायचा तोच घोडा. माझं माहेर पाटणकडचं. रानडुकरांपासून शेत राखायला घरात ठासणीची होती. आजोबा घोडा अंगठ्यानं मागं चढवायचे आणि चाप बोटानं ओढायचे. चुकतंय कोण?

वाईचा वाचक:
आजोबा बरोबर. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल आठवा, टिकलीवर आपटतो तो घोडा. ‘घोडा दाबला’ हे हिंदीतून आलं. मुंबईत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात.

मिलिटरी अपशिंगे:
एकवीस वर्षं फौजेत काढली, ट्रिगरला ट्रिगरच म्हणत आलो. आजच्या पोराला चाप म्हटलं की केसांचा चाप आठवतो. ट्रिगर लिहा, सगळ्यांना कळेल.

मिरजकर:
याला माझा ठाम विरोध आहे. चाप म्हणजे धनुष्य, मूळ संस्कृत. बोटाखालचा तो वाकडा तुकडा धनुष्यासारखाच दिसतो. महाराजांनी परक्या शब्दांना संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात शस्त्रांचा वेगळा वर्ग आहे. ‘चाप लावणे’सुद्धा बंदुकीवरूनच आलं असणार.

माणदेशी:
बंदुकीवरून कसं? चाप ओढल्यावर गोळी सुटते, आणि चाप लावला की माणूस आवरतो. तो कागद धरायचा चाप. आणि परके शब्द काढायचेच तर बंदूकही काढा. अरबीत बुंदुक म्हणजे एक कठीण कवचाचं फळ, त्यावरून गोळी. तोफ तुर्की, दारू फारसी, पिस्तूल आणि काडतूस फिरंग्यांचे. मागं उरेल काय, नळी आणि नेम!

मिरजकर:
जे रुळलं ते राहू द्या. पण चाप असताना ट्रिगर कशाला? तुमच्याकडं ‘कळ दाबली’ म्हणतात, तेही मला चालेल.

वाईचा वाचक:
आधी बंदूक कुठल्या जातीची ते बघायला हवं. तोड्याच्या बंदुकीत आपटणारं काहीच नसतं. सोरा नावाच्या क्षाराच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी म्हणजे तोडा. तो जळत असतो. चाप ओढला की तोडा धरलेला वाकडा हात खाली येतो, कानाजवळची, म्हणजे नळीच्या बारीक छिद्राजवळची रंजक (पेटवायची बारीक दारू) पेटते आणि आग आतल्या दारूला लागते. पावसात तोडा विझला की संपलं. पुढं चकमकीची आली, तिच्यात गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडते. टोपी त्यानंतरची. आपटल्यानं पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं 1807 मध्ये घेतलं, आणि त्यातूनच पुढं टोपी निघाली. तुमची बंदूक टोपीची आहे, म्हणून तिथं घोडाच हवा. हातोडी लोहाराकडं.

कृष्णाकाठ, सांगली:
हे फार उपयोगी पडलं. पण घोडाच का? इंग्रज त्याला कोंबडा म्हणायचे, फ्रेंच आणि पोर्तुगीज कुत्रा म्हणतात.

माणदेशी:
पुढचे पाय उचललेला घोडा दिसतो तो. आपल्याकडं चढवायचा तो घोडाच. मला यात शंका वाटत नाही.

मिलिटरी अपशिंगे:
काडतुसाचं निघालं म्हणून सांगतो. 1857 ची काडतुसं पितळेची नव्हती, कागदाची होती. आत दारू आणि गोळी, वर चरबी. दातानं फोडून दारू नळीत ओतायची, म्हणून तर भडका उडाला. शाळेत पितळी काडतुसाचं चित्र काढायचे, ते बघून मला वाईट वाटायचं. आणि बारा बोअर म्हणजे बारा गोळ्यांची, असंही गावात सांगतात. तसं नाही. नळीत बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड, म्हणून बारा. थ्री नॉट थ्री रायफलीचा आकडा मात्र नळीच्या रुंदीचा, इंचात.

मिरजकर:
मग ‘बोअर’ला, म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीला, मराठी काय?

माणदेशी:
गावात कोणालाही विचारा, ‘बाराबोर’ हा एकच शब्द आहे. त्याचे तुकडे करू नका.

मिरजकर:
तुकडे नकोत, पण अर्थ तरी दिसावा. नळीचा गाळा म्हणता येईल.

वाईचा वाचक:
गाळा दुकानाचा. आमच्याकडं ठासायच्या सळईला गज म्हणतात आणि नळीच्या टोकावरच्या नेमाच्या मण्याला माशी. आटपाडी-जतकडं काय म्हणतात?